तारेवरचा पहारा



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की आपल्या मनात गडकोट, लढाया आणि तहनामे येतात. आजच्या माझ्या विषयात पहारा आहे, पण पहारेकऱ्याच्या हाती भाला नाही. दूरवर बसविलेले एखादे यंत्र चालू आहे की बंद पडले आहे, हे आपल्या जागेवर बसून कसे ओळखावे, एवढाच त्याच्यापुढील प्रश्न आहे. आजच्या कारखान्यांत या कामाला नेटवर्क मॉनिटरिंग असे नाव आहे. नाव नवे आहे, परंतु प्रश्न चांगला पावणेदोनशे वर्षांचा आहे. ज्यांनी तो आधी सोडविला, त्यांच्या चुकांतून आणि शहाणपणातून आजच्या नवशिक्याला पुष्कळ घेता येण्यासारखे आहे.

हा विषय मला सुचला तो कुरुळीच्या निमित्ताने. पुण्याहून नाशिककडे जाताना मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की चिंबळीच्या पुढे खेड तालुक्यातील हे गाव लागते. तेथून चाकण हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वी जेथे बाजरीची शेते होती तेथे आज पत्र्याच्या शेडी उभ्या आहेत, आणि त्यांत मोटारींचे सुटे भाग तयार होतात. अशा एखाद्या लहान कारखान्यात डोकावून पाहा. कचेरीत राउटर असतो, शेडच्या दोन टोकांना स्विच असतात, फाटकावर कॅमेरा असतो, खोक्यांवर लेबल छापणारे यंत्र असते, आणि या सर्वांना जोडणारी केबल छताच्या कैच्यांवरून गेलेली असते. 2018 सालापासून ठराविक किमतीच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागते, आणि ते इंटरनेटवरूनच काढावे लागते. तेव्हा रात्री अकरा वाजता एखादा स्विच बंद पडला, तर लेबल छापले जात नाही, बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक फाटकाशी उभा राहतो. ज्या मोठ्या कारखान्याला माल पोहोचवायचा, त्याची जुळणीची साखळी मात्र घड्याळावर चालते. मग फोन सुरू होतात, आणि पाळीवर जो कोणी असेल त्याच्यावर खापर फुटते. ज्याला संगणकाचे थोडेफार कळते अशा एखाद्या तरुणाला दुसऱ्या दिवशी मालक सांगतात, ‘आता यावर तू लक्ष ठेव.’ त्या तरुणासाठीच हा इतिहास आहे असे समजावे.

पहाऱ्याची पहिली गोष्ट चाकणचीच सांगता येईल. 1660 साली शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला भुईकोट, किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. थोड्याशा शिबंदीनिशी त्यांनी तो सुमारे दोन महिने लढविला. अखेर मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग खणून तो उडविला आणि त्या खिंडारामुळे किल्ला पडला. बुरुजावरच्या पहारेकऱ्याला खंदकापलीकडचे सारे दिसते, पायाखालचे दिसत नाही. फिरंगोजींच्या शौर्याला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु पहारा कोठे आहे याइतकेच तो कोठे नाही हेही पाहावे लागते, हे मात्र यावरून ध्यानात येते.

आता तारायंत्राकडे वळू. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर विल्यम ओशॉग्नेसी याने 1839 साली बांबूंवर लोखंडी तार ताणून विजेने संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन सुरू झाली, आणि 1854 च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून आग्र्यापर्यंत, सुमारे 800 मैल, तार बोलू लागली. मुंबई ते मद्रास जाणारी लाइन पुण्यावरून गेली. तार नाजूक असून भागणार नव्हते. तिच्यावर घारी-कावळे बसत, माकडे लोंबकळत, वादळात झाडे कोसळत, आणि लोखंडाला गिऱ्हाईक असल्याने चोरीचेही भय होते. म्हणून ओशॉग्नेसीने बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली. पण सळई जाड झाली तरी मूळ प्रश्न सुटला नाही. पलीकडून संदेश येत नाही याचा अर्थ काय? सांगण्यासारखे काही नाही म्हणून तेथील माणूस गप्प आहे, की तारच तुटली आहे?

या प्रश्नाचे गांभीर्य 1857 च्या मे महिन्यात दिल्लीत दिसून आले. 10 मे रोजी, रविवारी, दिल्ली-मीरत तार मुकी झाली. यमुनेच्या पात्रातून गेलेल्या केबलवर सर्वांचा पहिला संशय होता. तारकचेरीतील ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन तरुण साहाय्यक संध्याकाळी नदीपलीकडे गेले. तेथून दिल्लीशी बोलता येत होते, मीरतशी येत नव्हते. म्हणजे नदीतली केबल शाबूत होती आणि दोष पलीकडे मीरतच्या बाजूला होता. उशीर झाल्यामुळे पुढचा शोध सकाळवर टाकण्यात आला. 11 मे रोजी सकाळी कचेरीचा प्रमुख टॉड हा बिघाड शोधावयास स्वतः बाहेर पडला आणि परत आला नाही. रात्रीतून मीरतचे बंडवाले शिपाई दिल्लीच्या पुलाशी येऊन पोहोचले होते. त्यानंतर त्या दोघा साहाय्यकांनी अंबाल्याला संदेश पाठविला आणि पंजाबला बातमी कळली.

आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात या घटनेचे मोल निराळे आहे आणि ते आपण जाणतो. माझ्या विषयापुरते एवढेच पाहावे, की त्या दोघा तरुणांची पद्धत बिनचूक होती. लाइनीच्या मध्यावर उभे राहून दोन्ही दिशांना हाक मारावयाची, आणि जिकडून उत्तर येत नाही तिकडे दोष आहे असे ठरवावयाचे. आजही केबलचा दोष याच रीतीने शोधतात. चूक झाली ती अर्थ लावण्यात. तार बंद म्हणजे तारेचाच बिघाड, असे गृहीत धरले गेले. वास्तविक तारेची शांतता हीच सर्वांत मोठी बातमी होती.

ही संदिग्धता घालविण्याचा मार्ग विजेच्या जोडणीतच होता. युरोपात तारायंत्राची प्रचलित पद्धत अशी, की कळ दाबली तरच तारेतून प्रवाह जाई. एरवी तार निर्जीव असे. तिला रात्री कोणी तोडली, तर सकाळी पहिला संदेश पाठवीपर्यंत कोणास पत्ता लागत नसे. अमेरिकेत उलट पद्धत रूढ झाली. तेथे तारेत प्रवाह सतत वाहत असे आणि कळीने तो खंडित करून संदेश पाठवीत. तार तुटली की प्रवाह थांबे आणि दोन्ही टोकांना तत्क्षणी कळे. हेच तत्त्व विल्यम रॉबिन्सन याने 1872 साली रेल्वेच्या रुळांना लावले. रुळांतून बारीक प्रवाह सतत सोडून ठेवावयाचा आणि तो पोहोचत असेल तरच सिग्नल ‘मार्ग मोकळा’ दाखवील. रुळावर गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, यांपैकी काहीही झाले तरी प्रवाह पोहोचत नाही आणि सिग्नल धोक्याकडे वळतो. म्हणजे खुशालीचा पुरावा मिळाला तरच खुशाल, पुरावा नसेल तर धोका. आमच्या घरांतही परगावी गेलेल्या मुलाला ‘पोहोचल्याबरोबर पत्र टाक’ असे बजावीत असत. पत्र आले नाही की आई काळजी करू लागे. तिने रॉबिन्सनचे नाव ऐकलेले नव्हते एवढेच.

दोष आहे हे कळल्यावर तो कोठे आहे हे कळावे लागते. शंभर मैल तार पायी तपासणे हे काम काही थोडे नव्हे. तेथे गणित मदतीला आले. तारेचा विजेला होणारा विरोध लांबीच्या प्रमाणात वाढतो. समजा, दर मैलाला 13 ओहम विरोध आहे, आणि तार तुटून ओल्या जमिनीवर पडल्यामुळे आपल्या टोकाकडून 260 ओहम भरतो. म्हणजे माणूस विसाव्या मैलाच्या आसपास पाठवावा. प्रत्यक्षात जमिनीच्या विरोधामुळे हिशेब चुके, आणि तो सुधारण्यासाठी मरे व व्हार्ले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीती निघाल्या. पण तार धडधाकट असताना तिची मापे कोणी लिहून ठेवली असतील तरच हे सारे शक्य होते. निरोगी माणसाची नाडी ज्याने कधी पाहिली नाही, त्याला आजाऱ्याच्या नाडीवरून काय कळणार?

अटलांटिक महासागरातील केबलने हा धडा जगाला महाग किमतीला शिकविला. 1858 च्या ऑगस्टमध्ये पहिली केबल चालू झाली. संदेश क्षीण येऊ लागले तेव्हा व्हाइटहाउस नावाच्या विद्युत्-तज्ज्ञाने सुमारे 2000 व्होल्टचा दाब दिला. आधीच दुबळी असलेली केबल काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. पुढे 1865 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजावरून नवी केबल टाकताना निराळी व्यवस्था केली होती. केबल समुद्रात जात असताना जहाजावरचे तज्ज्ञ गॅल्व्हानोमीटरच्या प्रकाशबिंदूवर नजर ठेवून असत. बिंदू सरकला की जहाज थांबे आणि केबल मागे ओढून तपासली जाई. वेष्टनात घुसलेले तारेचे तुकडे असेच सापडले. त्या वर्षी केबल मध्येच तुटली. 1866 मध्ये नवी केबल पूर्ण झाली आणि जुनी समुद्रतळातून उचलून जोडण्यात आली. हेच ‘ग्रेट ईस्टर्न’ 1870 साली मुंबई बंदरात आले होते, आणि मुंबई-एडन केबल त्याने टाकली.

येथून पुढचा इतिहास आपल्या अंगणातला आहे. 1927 साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेशांची ‘बीम’ सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला होते. दोन्ही एके ठिकाणी का नव्हती? प्रक्षेपणाच्या गोंगाटात दूरचा क्षीण आवाज बुडून जाऊ नये म्हणून. कुरुळीवरून जाणारा नाशिकचा रस्ता धरून तसेच पुढे नारायणगावच्या परिसरात गेले की जुन्नर तालुक्यातील आर्वी येते. तेथे 1971 साली उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले, सुमारे 30 मीटर व्यासाच्या तबकडीचे. त्याला पुढे विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले.

आणि त्याच परिसरात खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ती 2001 साली राष्ट्राला अर्पण झाली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या सुमारास दाटीने आणि 16 तीन लांब भुजांवर विखुरलेल्या, अशा की टोकाच्या तबकड्यांतील अंतर 25 किलोमीटरपर्यंत जाते. प्रत्येक तबकडी प्रकाशतंतूंनी खोडदच्या मध्यवर्ती इमारतीशी जोडलेली आहे. मधल्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला तबकडी कोणत्या कोनात आहे, तिचे ग्राहक यंत्र ठीक आहे का, वारा किती आहे, हे सारे तेथूनच कळावे लागते. वारा मर्यादेबाहेर गेला तर तबकड्या सुरक्षित स्थितीत उभ्या कराव्या लागतात. आकाश पाहण्याच्या कामातही आधी पाहणाऱ्या यंत्राकडे पाहावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

संगणकांचे जाळे 1969 साली अमेरिकेत आर्पानेट या नावाने सुरू झाले. त्याच्या प्रत्येक नाक्यावरचे यंत्र ठराविक वेळाने आपली हकीकत केंब्रिज येथील नियंत्रण केंद्राला कळवी. त्यामुळे देशाच्या दुसऱ्या टोकाची टेलिफोन लाइन तुटली, तर ती टेलिफोन कंपनीच्या आधी या केंद्राला कळे. परंतु 27 ऑक्टोबर 1980 रोजी एका नाक्याच्या यंत्रातील दोषामुळे लाइनींच्या स्थितीविषयीच्याच वार्ता बिघडल्या. त्या बिघडलेल्या वार्ता साऱ्या जाळ्यात फिरत राहिल्या आणि जाळे कित्येक तास ठप्प झाले. जाळ्याची खबर देणाऱ्या व्यवस्थेनेच जाळे बंद पाडले! तेव्हा पहारेकऱ्यावरही पहारा हवा.

1983 च्या डिसेंबरात माइक म्यूस याने एका संध्याकाळी एक लहानसा कार्यक्रम लिहिला, त्याचे नाव ‘पिंग’. पाणबुडी जसा आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकते, तसा हा दूरच्या यंत्राला हाक मारतो आणि उत्तर किती वेळात आले ते सांगतो. 1988 मध्ये एसएनएमपी नावाची रीत ठरली. तिच्यामुळे यंत्र केवळ ‘ओ’ देऊन थांबत नाही, तर आपली वही उघडून दाखविते. कोणता पोर्ट चालू, कोणता बंद, किती माल आत आला, किती बाहेर गेला आणि आपण किती वेळ अखंड जागे आहोत, हे ती वही सांगते. आपल्या देशात 1986 च्या सुमारास अर्नेटच्या रूपाने शिक्षणसंस्थांचे जाळे उभे राहू लागले, आणि 15 ऑगस्ट 1995 पासून सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले.

आता कुरुळीच्या त्या तरुणाकडे परत येऊ. त्याने काय करावे? इतिहास त्याला क्रमही सांगतो. प्रथम यादी करावी. कोणते यंत्र, कोठे, त्याचा पत्ता काय, त्याची वायर कोणत्या स्विचच्या कितव्या पोर्टात जाते, आणि ते बंद पडले तर काय अडेल. या कामाला संगणक लागत नाही. वही आणि शिडी पुरते. यादी करताना कैचीवर धुळीत बसलेला एखादा विसरलेला स्विच बहुधा सापडतोच. चाकणच्या बुरुजाखालची जागा ती हीच.

दुसरे, यादीतील प्रत्येक यंत्राला दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांनी हाक मारावी. एकदा उत्तर आले नाही म्हणून ओरड करू नये. लागोपाठ तीनदा आले नाही तर करावी. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे. दिवसाला पन्नास खोट्या सूचना देणाऱ्या पहाऱ्याचे कोणी ऐकत नाही. तसेच मुख्य स्विच गेला तर त्याच्या पलीकडची वीस यंत्रे एकदम मुकी होतात. तेथे वीस बिघाड नसून एकच आहे. म्हणून कोणाच्या मागे कोण आहे, हे पहारा ठेवणाऱ्या यंत्राला आधीच शिकवावे.

तिसरे, एसएनएमपीची वही वाचावी. येथे दोन खड्डे आहेत. अनेक यंत्रांत या वहीचा परवलीचा शब्द कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा घातलेला असतो. तो तसाच ठेवणे म्हणजे किल्ली दारालाच लावून ठेवणे होय. तो बदलावा, आणि जमल्यास तिसरी, गुप्तता राखणारी आवृत्ती वापरावी. दुसरा खड्डा मोजणीचा. जुने मोजमाप 32 बिटांचे असते. ते 4,29,49,67,295 पर्यंत जाते आणि पुन्हा शून्यावर येते. सेकंदाला 100 मेगाबिटने पूर्ण भरलेल्या लाइनीवर हे सुमारे पावणेसहा मिनिटांत घडते, हजार मेगाबिटच्या लाइनीवर 35 सेकंदांच्या आत. पाच मिनिटांनी वाचणारा माणूस तेथे फसतो. तेथे 64 बिटांचे मोजमाप वाचावे.

चौथे, सारे काही ठीक असतानाच्या नोंदी दोन-तीन आठवडे जमवाव्या. सोमवारी सकाळी किती, रात्रपाळीला किती, हे कळले म्हणजे वेगळे काय ते ओळखता येते. पाचवे, पहाऱ्याच्या यंत्राला यूपीएस द्यावा आणि ते स्वतः जागे आहे याची खबर कारखान्याबाहेर कोणाला तरी रोज मिळावी. तिची पोहोच आली नाही तर काळजी करावी. आणि शेवटी, सूचना कोणाला जाईल व तो काय करील, हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. बातमी कळूनही काय करावयाचे ते ठाऊक नसेल, तर ती कळून न कळल्यासारखीच.

एक गोष्ट सांगून थांबतो. 1908 साली हिंदुस्थानातील तारखात्यातील सिग्नलरांनी मोठा संप केला. कलकत्ता, मुंबई, मद्रास, रंगून अशा शहरांत तारा अडून राहिल्या. कामाच्या पाळ्यांची नवी व्यवस्था हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. तारेवर ठेवलेली नजर तार चालविणाऱ्या माणसावर वळली की काय होते, हे त्या काळीच दिसून आले होते. आजच्या कारखान्यातही हा मोह आहे. स्विच किती वेळ बंद होता याची नोंद हाती आली, की ती नोंद घेऊन पाळीवरच्या माणसाला उभे करणे फार सोपे असते. परंतु ही नोंद मूळ त्याच्या बचावासाठी आहे. अकरा वाजून दोन मिनिटांनी शेडच्या टोकाच्या स्विचची वीज गेली, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी सूचना निघाली, हे कागदावर असेल, तर लेबल छापणाऱ्या पोरावर खापर फोडण्याचे कोणाला कारण उरत नाही.

टॉडला तसा कागद कोणी देऊ शकले नाही. तार का मुकी झाली हे पाहावयास त्याला स्वतः जावे लागले. त्यानंतरच्या साऱ्या खटाटोपाचा हेतू एवढाच आहे, की अंधारात निघालेल्या माणसाला आपण कोठे आणि कशासाठी जात आहोत हे आधी कळावे. कुरुळीतल्या शेडीत रात्री शिडी लावून वर चढणाऱ्या तरुणाच्या हाती टॉर्चबरोबर ही माहितीही असावी, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.